तडा की केस: चिनी मातीच्या डायलचं एक प्रकरण

हे प्रकरण माझ्या दुकानातलं आहे. मालकांनी लिहायला परवानगी दिली, वर "चूक कुठे झाली ते नीट लिहा" असं बजावलंही. त्यांचं नाव, घड्याळाचं मॉडेल आणि शेवटी ते ज्या सेवा केंद्रात गेलं त्याचं नाव गाळलं आहे. मी पुण्यात अठ्ठावीस वर्षं घड्याळदुरुस्ती करतो. खऱ्या चिनी मातीची डायल असलेलं मनगटी घड्याळ तोवर माझ्या हाताखालून एकदाही गेलं नव्हतं, आणि मालक आले त्या दिवशी मी त्यांना हे सांगितलं नाही.

पार्श्वभूमी

मालक रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. पेठेतले सगळे त्यांना सर म्हणतात, मीही म्हणतो. मुलगी टोकियोत नोकरीला आहे. सर आणि वहिनी तिच्याकडे गेले असताना ती त्यांना क्युशू बेटावर, सागा प्रांतातल्या अरिता गावी घेऊन गेली. दरवर्षी 29 एप्रिल ते 5 मे या दिवसांत तिथे चिनी मातीच्या भांड्यांचा मोठा बाजार भरतो. वहिनी बाजारात रमल्या आणि सर गाव बघत हिंडले. मोडलेल्या भट्ट्यांच्या विटा रचून बांधलेल्या गल्लीतल्या भिंती, टेकडीवरच्या देवळासमोरची 1888 सालची अख्खी पोर्सेलिनची, म्हणजे खऱ्या चिनी मातीची, कमान, आणि इझुमियामाची खाण. खाणीचं वर्णन त्यांनी मला दोनदा ऐकवलं. डोंगराच्या जागी खड्डा उरलाय, म्हणाले, डोंगर सगळा ताटवाट्या होऊन जगभर गेला.

त्या गावाचा इतिहास चारशे वर्षांचा आहे. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या कोरियावरच्या स्वाऱ्यांच्या वेळी तिथून जे कुंभार जपानात आणले गेले, त्यांत यी साम-प्योंग हा एक होता. जपानी त्याला कानागाए सान्बेई म्हणतात. त्याला इझुमियामाला योग्य दगड सापडला आणि 1616 च्या सुमाराला जपानातली पहिली पोर्सेलिन तिथे भाजली गेली, असं मानतात. माल इमारी बंदरातून बाहेर पडायचा, म्हणून युरोपात त्याला इमारी हेच नाव पडलं. सतराव्या शतकाच्या मध्यापासून डच ईस्ट इंडिया कंपनीने तो जहाजं भरभरून नेला.

टोकियोला परतल्यावर मुलीने वडिलांसाठी घड्याळ घेतलं. ऑटोमॅटिक मशीन, तिनाच्या जागी तारखेची चौकोनी खिडकी आणि डायल अरिताच्या पोर्सेलिनची. सरांच्या हातावर त्याआधी तीस-पस्तीस वर्षं एकच चावीचं एचएमटी होतं. ते अजूनही चालतं, दर दोन वर्षांनी माझ्याकडेच येतं.

अशी डायल बनते कशी, हे मी प्रकरण घडून गेल्यावर वाचलं. आधी वाचलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता. सेइको या जपानी घड्याळ कंपनीने 2019 मध्ये आपल्या प्रेसाज मालिकेत अरिताच्या डायल आणल्या तेव्हा त्यांची प्रक्रिया सांगितली होती. 1830 पासून चालू असलेली शिनगामा ही भट्टी आणि तिथले कारागीर हाशिगुची हिरोयुकी यांच्या देखरेखीखाली हे काम होतं. नेहमीच्या चहाच्या कपाची माती डायलला पुरत नाही. काटे, काच आणि मशीन यांच्यामध्ये जागा इतकी कमी की डायल पातळच हवी, आणि पातळ पोर्सेलिन फुटते. म्हणून नेहमीच्या मातीच्या चौपटीहून जास्त ताकद असलेलं मिश्रण वापरतात. ते साच्यात घालून, वाळवून सुमारे 1300 अंशांवर भाजायचं. मग हाताने झिलई चढवायची आणि पुन्हा भाजायचं. मग लेझरने खिडकी आणि भोकं कापायची आणि त्यानंतर आणखी एकदा भट्टीत.

झिलई हाताने चढवलेली असल्याने दोन डायल तंतोतंत सारख्या नसतात. सरांच्या डायलवर सातच्या खुणेच्या जरा वर, टाचणीच्या टोकाहून बारीक एक खळगी होती, भट्टीत झिलईतून बुडबुडा सुटून गेल्यासारखी. दोष म्हणावा इतकीही नाही. पण सरांना ती ठाऊक होती आणि ते ती बोटाने दाखवायचे: "हे माझं घड्याळ."

अडचण

चैत्रात घड्याळ बेसिनच्या कडेवरून फरशीवर पडलं. चालू राहिलं, काचेवर ओरखडा नाही, वेळही बरोबर. सरांनी हातात घातलं आणि विसरून गेले. दोनेक आठवड्यांनी सकाळी पेपर वाचताना खिडकीतून तिरकं ऊन डायलवर आलं, तेव्हा तारखेच्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून निघालेली एक रेघ त्यांना दिसली. केसासारखी बारीक, डायलच्या कडेच्या दिशेने गेलेली, पण कडेला न पोचलेली. समोरून बघितलं की दिसायची नाही.

घड्याळ घेऊन ते माझ्याकडे आले. मी लूप, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, लावून बघितलं आणि म्हणालो, "सर, काचेच्या आतून केस किंवा धागा चिकटलाय. दहा मिनिटांचं काम आहे."

एक नाव, दोन वस्तू

मी असं का म्हणालो, हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून झालं.

जुन्या खिशातल्या घड्याळांची पांढरीशुभ्र, चकचकीत डायल आम्ही सरसकट चिनी मातीची म्हणतो. माझ्या वडिलांनी मला तेच नाव शिकवलं. खरं तर ती चिनी माती नसतेच. तांब्याच्या पत्र्यावर काचेची पूड पसरून साधारण 800 अंशांना वितळवलेली असते. मीनाकारीच्या दागिन्यात जे असतं तेच. जपानातही तिची मोठी परंपरा आहे. सेइकोशाने, म्हणजे सेइकोच्याच जुन्या कारखान्याने, 1913 मध्ये काढलेलं लॉरेल हे जपानात बनलेलं पहिलं मनगटी घड्याळ, त्याची डायल अशीच मीन्याची होती.

अशा मीन्याच्या डायलवर केसासारख्या रेघा असतात. शंभर वर्षांच्या दहा डायल बघाल तर बहुतेकींवर एकतरी सापडेल. त्यांची आम्ही फिकीर करत नाही. तडा वरच्या काचेच्या थरात असतो, खाली तांब्याचा पत्रा अखंड असतो आणि तो सगळं धरून ठेवतो. साबणाच्या कोमट पाण्यात धुतली की रेघेतला मळ निघतो आणि डायल आणखी पन्नास वर्षं जाते. मी अशा शेकडो डायल धुतल्या आहेत.

अरिताच्या डायलमध्ये आत पत्रा नाही. माती वर, माती खाली, माती मध्ये. तडा गेला तर तो कुणी अडवत नाही. मागे धातूची पातळ चकती चिकटवलेली होती आणि डायलचे पाय त्या चकतीला होते, हे मला नंतर दिसलं. पण ती चकती डायल मशीनवर बसवण्यापुरती असते. मातीत निघालेली भेग तिला थोपवता येत नाही.

सर म्हणाले होते, "पोर्सेलिनची डायल आहे, जपून." मी म्हणालो, "माहितीये." मला माहीत होती ती दुसरीच वस्तू.

पहिला निर्णय: उघडायचं का

त्या दिवशी मी घड्याळ उघडलं. मागचं झाकण काढलं, चावी काढली आणि मशीन डायलसकट बाहेर घेतलं. ब्लोअरने हवा मारली, रेघ गेली नाही. रोडिकोचा, म्हणजे धूळ उचलायच्या चिकट पुट्टीचा, मऊ गोळा अलगद टेकवला, तरी गेली नाही. इथवर दहा मिनिटं झाली होती आणि इथे मला कळलं की हा केस नाही, तडा आहे.

थांबायची जागा हीच होती. मशीन परत केसमध्ये, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचात, ठेवायचं, सरांना फोन करायचा आणि काय दिसतंय ते सांगायचं. तसं मी केलं नाही. तडा मागपर्यंत गेलाय का ते बघावं, म्हणजे सरांना पक्कं सांगता येईल, असं वाटलं. म्हणून डायलवर प्लास्टिकचा पातळ कागद ठेवून दोन लिव्हरनी काटे उचलले. पितळी डायलवर रोज करतो तसंच. डायल काढली. मागे धातूची चकती, त्यामुळे काहीच दिसलं नाही. पोर्सेलिनमधून उजेड जातो. चकती नसती तर मागून टॉर्च धरल्यावर तडा लख्ख दिसला असता. एवढं उघडून हाताला काही लागलं नाही.

एक गोष्ट मात्र लागली. तासाच्या चाकावर पांढरा कण बसला होता, मिठाच्या खड्याहून लहान. तो चिमट्याने उचलून काचेवर ठेवला आणि दुसऱ्या काचेखाली दाबला. विरघळला नाही, पसरला नाही, काचेवर ओरखडा उठला. मातीचा कण होता.

सगळं परत बसवलं. मशीन केसमध्ये धरून ठेवणारे दोन स्क्रू नेहमीच्या हाताने आवळले, आधी एक पूर्ण, मग दुसरा. या घड्याळात मशीन वर दाबलं जातं तेव्हा डायलची कड केसच्या आतल्या ओठाला टेकते. पितळी डायल अशा वेळी किंचित वाकते आणि जागेवर येते. चिनी माती दाब भरपूर सोसते, पण वाकवलं की एका बाजूला ताण येतो आणि ताण तिला सोसत नाही. त्यात खिडकीचा आतला कोपरा ही सगळ्यांत नाजूक जागा. ताण कोपऱ्यात गोळा होतो आणि भेग तिथूनच निघते. कपड्याला जिथे कात्री लागलेली असते तिथूनच पुढे फाटतं, तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचा फोन आला. रेघ कडेपर्यंत गेली होती.

फोटो

मला प्रामाणिकपणे वाटत होतं की ती आधीपासूनच कडेपर्यंत असेल, सरांना दिसली नसेल. तसं मी म्हणालोही. घड्याळ घेताना मी फोटो काढला नव्हता. किरकोळ काम म्हणून पावतीवर "काच आतून साफ" एवढंच लिहिलं होतं. आधी रेघ किती लांब होती याचा माझ्याकडे कसलाच पुरावा नव्हता.

पुरावा निघाला मुलीकडे. रेघ दिसली त्या दिवशी सरांनी तिला फोनवर फोटो पाठवला होता. तिने तो मोठा करून मला पाठवला. खिडकीच्या कोपऱ्यापासून निघालेली रेघ मिनिटांच्या खुणांच्या आतच संपत होती, त्यापलीकडे झिलई अखंड होती. फोटोखाली तिने एवढंच लिहिलं होतं: "दादा, हा तुमच्याकडे आणण्याच्या आदल्या दिवशीचा."

त्या संध्याकाळी मी सरांच्या घरी गेलो आणि माझ्या हातून तडा वाढला हे सांगितलं. पोर्सेलिनची डायल याआधी कधी उघडली नव्हती, हेही सांगितलं. वहिनींनी चहा ठेवला. सर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पहिली गोष्ट कळली. दुसरी तुम्ही कालच सांगायला हवी होती."

समोरचे पर्याय

त्यानंतर आम्ही तिघांनी, म्हणजे सर, मुलगी आणि मी, पर्यायांचा विचार केला. घाई नव्हती. घड्याळ हातातून काढून डबीत ठेवलं होतं.

सरांचं पहिलं मत होतं, आहे तसंच राहू द्यावं. घड्याळ चालतंय, रेघ तिरक्या उजेडातच दिसते. त्यांनी आईची लोणच्याची बरणी दाखवली. तिच्या गळ्याशी तडा आहे, टिचकी मारली तर बद्द आवाज येतो, तरी गेली चाळीस वर्षं ती लोणचं धरून आहे. मला हा पर्याय मान्य झाला असता. पण तो कण आड येत होता. बरणीतून कपची निघाली तर दिसते, आपण ती काढतो. घड्याळात निघालेली कपची चाकांमध्ये जाते, आणि पोर्सेलिनचा कण पोलादालाही घासतो. एक कण निघाला म्हणजे तड्याच्या काठावर आणखी सुटायच्या बेतात असणार.

दुसरा पर्याय चिकटवण्याचा. झटपट गोंदाचा एक थेंब तड्यात सोडला तर तो आपोआप आत ओढला जातो, हे खरं. पण सुकताना त्याची वाफ आसपासच्या चकचकीत पृष्ठभागावर पांढरट बसते आणि बंद केसमध्ये ती काट्यांवर, काचेवर, तेलावर जाते. इपॉक्सी कालांतराने पिवळी पडते, पांढऱ्या डायलवर ती पिवळी रेघ तड्याहून ठळक दिसली असती. सरांनीच हा पर्याय खोडला. चिकटवलेलं परत सोडवता येत नाही, हे त्यांचं कारण होतं.

बाजारातल्या एकाने तिसरा मार्ग सुचवला: त्याच मापाची पितळी डायल, वर पांढरा लाखेसारखा रंग, "कुणाला कळणारही नाही." सरांना मी हे सांगितलंसुद्धा नाही, कारण त्यांना कळलं असतं.

चौथा पर्याय मुलीचा, आणि त्यावर सगळ्यांत जास्त बोलणं झालं: किंत्सुगी. फुटलेलं भांडं उरुशी लाखेने जोडून सांध्यावर सोन्याची पूड चढवायची. तिने टोकियोत किंत्सुगी शिकवणाऱ्या एका बाईंना फोटो दाखवले. त्या बाईंनी आधी दोन शब्द शिकवले, ते मला फार उपयोगी पडले. झिलईतल्या जाळीदार बारीक रेघांना जपानी लोक कान्न्यू म्हणतात. माती आणि झिलई थंड होताना वेगवेगळ्या मापाने आकसतात, त्यातून त्या येतात. भांड्याला त्याने धोका नसतो. जपानातल्या हागी गावच्या चहाच्या वाट्यांमध्ये तर चहा त्या रेघांत मुरून वाटीचा रंग बदलत जातो आणि लोक त्याचं कौतुक करतात. मातीतून आरपार गेलेल्या एकेरी तड्याला मात्र न्यू म्हणतात. जाळी असेल तर कान्न्यू, कोपऱ्यातून किंवा कडेतून निघालेली एकटी रेघ असेल तर न्यू. आपली रेघ एकटी होती आणि कोपऱ्यातून निघाली होती.

बाईंचा सल्ला असा होता. न्यूमध्ये पातळ केलेली उरुशी मुरवतात. पण उरुशी कोरड्या हवेत सुकत नाही, तिला दमट आणि उबदार पेटीत बरेच दिवस ठेवावं लागतं. म्हणजे डायल मागच्या चकतीपासून सोडवायला हवी, आणि ती सोडवताना तडा फाटायची शक्यता मोठी. शिवाय उरुशीची रेघ तपकिरी असते. तिच्यावर सोनं चढवलं तर जरा उंचवटा येतो. वाटीला त्याने काही होत नाही, पण तासाचा काटा डायलपासून किती कमी अंतरावरून फिरतो ते घड्याळजीला विचारा, असं त्या म्हणाल्या. मुलीने मला विचारलं. मी म्हणालो, चढवलेल्या रेघेला काटा घासेल किंवा घासणार नाही, मी खात्री देऊ शकत नाही. बाईंनी काम घेतलं नाही. त्यांच्या नकाराबद्दल मला आदर वाटला. आठ दिवसांपूर्वी दुकानात मीही असंच म्हणायला हवं होतं.

पाचवा पर्याय अधिकृत सेवा केंद्राचा: डायल बदलून घेणं. अशी डायल सुटी विकत नाहीत, घड्याळच पाठवावं लागतं. खर्च घड्याळाच्या किमतीच्या निम्म्याच्या आत, पण किरकोळ नाही. सगळ्यांत मोठा आक्षेप सरांचा होता: नव्या डायलवर ती खळगी नसणार.

मध्ये गेलेले महिने

दिवाळीला मुलगी येणार होती. ती परत जाताना घड्याळ सोबत नेईल, कुरिअरच्या हाती द्यायचं नाही, एवढं ठरलं. तोवर सहा महिने होते. मी केसमधले दोन्ही स्क्रू अर्धा-अर्धा फेरा सैल केले, एकाआड एक, आणि घड्याळ चालू न करता डबीत ठेवायला सांगितलं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सर खिडकीशी त्याच जागी, त्याच वेळी, तिरक्या उजेडात फोटो काढायचे. शेजारी स्टीलची पट्टी ठेवलेली असायची. फोटोंच्या नोंदींची वही अजून त्यांच्याकडे आहे.

सहा फोटोंमध्ये तडा तसूभरही वाढला नाही.

सप्टेंबरात सर वही घेऊन दुकानात आले आणि म्हणाले, "ताण काढला तर भेग थांबली. मग बदलायची कशाला? सैल स्क्रूवरच वापरतो." रसायनशास्त्राचा माणूस, मुद्दा बिनतोड होता. तोवरचे सगळे फोटो त्यांच्या बाजूने होते, माझ्या बाजूने फक्त एक कण. पण सैल स्क्रूचं घड्याळ हातावर घालायचं म्हणजे प्रत्येक झटक्याला मशीन केसमध्ये हलणार आणि डायलची कड ओठावर आपटणार. डबीत भेग थांबली ती डबीत होती म्हणून. आणि मी उचलला तो कण आधीचाच असेल, पण नंतरचा कुठे असेल ते न उघडता कळणार नव्हतं, आणि उघडणार मी नव्हतो. हे मी सरांना दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा कागदावर चित्र काढून.

तो निर्णय त्यांचा होता. बदलायचं ठरलं, पण एका अटीवर: जुनी डायल परत हवी. सेवा केंद्रं बहुधा बदललेले भाग ठेवून घेतात. म्हणून मुलीने घड्याळ देतानाच हे लेखी नोंदवून घेतलं, आणि आधी एकदा उघडलं गेलं आहे, कुणी, का आणि काय केलं, याची मी लिहिलेली चिठ्ठी जपानीत करून सोबत दिली. चिठ्ठी लिहिताना हात जड झाला होता. पण पुढच्या कारागिराला ती माहिती नसती, तर तोही माझ्यासारखाच अंधारात उघडणार होता.

काय झालं

घड्याळ अडीच महिन्यांनी परत आलं. मशीनची पूर्ण सफाई झाली होती. तिथे आणखी दोन पांढरे कण सापडल्याची नोंद होती, एक तारखेच्या चकतीखाली. डायल नवी, पांढरी, सुंदर. जुनीच्या तुलनेत पांढरेपणात निळसर छटा किंचित जास्त आहे, असं सर म्हणतात. मला ती दिसत नाही, पण रोज बघणाऱ्याच्या डोळ्यावर माझा विश्वास आहे. सातच्या खुणेवर काही नाही. पहिला आठवडा ते तिथे शोधत होते, वहिनींनी सांगितलं.

जुनी डायल छोट्या पाकिटात, फोममध्ये ठेवून आली. ती आता एचएमटीच्या जुन्या डबीत आहे.

खर्चाचा अर्धा वाटा मी उचलला. सर घेत नव्हते. शेवटी वहिनींनी घेतला.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या टेबलावर आता घड्याळ आलं की आधी तीन फोटो: समोरून, तिरक्या उजेडात डावीकडून, तिरक्या उजेडात उजवीकडून. ग्राहकासमोर काढायचे आणि त्याच्या फोनवरही पाठवायचे. दोन मिनिटं लागतात. ते तीन फोटो असते तर दुसऱ्या दिवशी फोनवर मी "आधीपासून असेल" म्हणालो नसतो, आणि ते वाक्य मला तड्याहून जास्त सलतं.

डायल कशाची आहे हे मी विचारतो, आणि "चिनी माती" या उत्तरावर थांबत नाही. मीना का पोर्सेलिन हे विचारतो. ग्राहकाला माहीत नसेल तर मॉडेल क्रमांकावरून शोधतो, कळेपर्यंत उघडत नाही. पितळेवर छपाई करून पोर्सेलिनचा भास दिलेल्या डायलही आता पुष्कळ येतात. त्यांचं काम नेहमीसारखंच करायचं, पण त्या आहेत हे आधी माहीत हवं.

खऱ्या पोर्सेलिनवर तडा दिसला तर मी आता उघडतच नाही. कण आत गेलेत का, हे कुणीतरी बघायलाच हवं. पण ज्याच्याकडे बदलायला दुसरी डायल आहे, त्यानेच ते बघावं.

सरांच्या बाजूने काय वेगळं झालं असतं, असं मी त्यांना विचारलं. पडल्यावर लगेच काढून ठेवायला हवं होतं, म्हणाले. पडल्यानंतरचे दोन आठवडे घड्याळ हातावर होतं, स्कूटरवर, मंडईत, रोज. भेग त्या दिवसांत किती सरकली हे कुठल्याच फोटोत नाही.

जुन्या डायलवरची शाई

गेल्या महिन्यात सरांनी मला घरी बोलावलं. टेबलावर जुनी डायल, शेजारी लाल रंगाची छोटी बाटली. चिनी मातीच्या इन्सुलेटरची तपासणी करताना फ्युक्सिनचा रंग वापरतात, भेग असेल तिथे तो मुरतो आणि पुसल्यावरही राहतो. कॉलेजात त्यांनी तो प्रयोग अनेकदा केला होता. डायल त्यांनी रात्रभर त्यात ठेवली होती आणि सकाळी स्पिरिटने पुसली होती.

खिडकीच्या कोपऱ्यातून कडेपर्यंत लाल रेघ स्पष्ट उठली होती. खिडकीच्या कापलेल्या भिंतीवरही ती वरपासून खालपर्यंत होती. म्हणजे आरपार, न्यू. त्यात नवं काही नव्हतं.

मग त्यांनी लूप माझ्या हातात दिली आणि मधल्या भोकाकडे बोट केलं. काट्यांच्या मुळाखाली जो भाग कायम झाकलेला असतो, तिथून दोनच्या दिशेला आणखी एक लाल रेघ निघाली होती. जेमतेम दीड मिलिमीटर. घड्याळ जोडलेलं असताना ती कुणालाच दिसली नसती, मलाही दिसली नव्हती. काटे उपसताना माझी उजवी लिव्हर तिथेच टेकली होती.

सर म्हणाले, "ही पडल्याची नाही."

मी म्हणालो, "नाही सर."

त्यांनी डायल पाकिटात ठेवली आणि पाकिटावर दोन रेघांची दोन मापं लिहिली, एकासमोर "फरशी आणि दुरुस्ती", दुसऱ्यासमोर "दुरुस्ती". मग पेन माझ्या हातात दिलं आणि खाली तारीख घालून सही करायला सांगितली. मी केली.